आगबोटीला उतारू का मिळत नाहीत?

बॅलार्ड पियरवर उभारलेल्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन 20 सप्टेंबर 2025 रोजी पंतप्रधानांनी भावनगरहून केले. वर्षाकाठी दहा लाख उतारूंची ये-जा सांभाळण्याची या वास्तूची क्षमता आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्याच्या सुमारे एक वर्ष आधी, 30 सप्टेंबर 2024 रोजी, याच बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ या योजनेचा प्रारंभ झाला होता, आणि 2029 पर्यंत देशातील सागरी सहलीच्या उतारूंची संख्या दहा लाखांवर नेण्याचा संकल्प सोडण्यात आला होता. संकल्प मोठा आहे, वास्तू देखणी आहे, आणि मुंबईसारख्या बंदराला ती शोभूनही दिसते. आमचा आक्षेप वास्तूला नाही. परंतु या किनाऱ्यावर गेल्या वीस वर्षांत कुटुंबाला घेऊन समुद्रसहलीला चला असे आवाहन करीत जी जहाजे आली, त्यांतील बहुतेक का टिकली नाहीत, आणि मुंबई सोडली तर रत्नागिरी, मालवण, विजयदुर्ग किंवा थेट पूर्वेकडील विशाखापट्टणम् या बंदरांत नियमित सहलीचे जहाज का दिसत नाही, या प्रश्नाचे उत्तर वास्तूच्या कोनशिलेवर सापडत नाही. ते अन्यत्र शोधावे लागेल.

प्रथम जहाजांची गणना करू. 2005 च्या सुमारास ‘सुपरस्टार लिब्रा’ हे परदेशी कंपनीचे जहाज मुंबईतून सहली करू लागले आणि थोड्याच वर्षांत निघून गेले. 2016 च्या अखेरीस इटलीच्या कोस्टा कंपनीने मुंबई ते मालदीव अशा सफरी सुरू केल्या. त्याही हंगामी ठरल्या. 20 ऑक्टोबर 2018 रोजी ‘आंग्रिया’ या जहाजाचे मोठ्या थाटाने उद्घाटन झाले. जपानमध्ये बांधलेले हे सुमारे चारशे उतारूंचे जहाज संध्याकाळी मुंबई सोडी आणि दुसऱ्या सकाळी गोव्यास लागे. एप्रिल 2019 मध्ये ‘कर्णिका’ आली. ती आंग्रियाहून कितीतरी मोठी, सुमारे 70 हजार टनांची, 1990 साली बांधलेली, आणि खास भारतीय कुटुंबांच्या आवडीनिवडी ध्यानात घेऊन सजविलेली, असे तिचे चालक सांगत. मार्च 2020 मध्ये महामारीने दोन्ही जहाजे थांबविली. आंग्रिया पुन्हा त्या मार्गावर धावली नाही. कर्णिकेची कंपनी 2020 च्या ऑक्टोबरात बंद पडली आणि वर्ष संपण्यापूर्वीच ते जहाज अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया या कंपनीचे ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईतून जाऊ-येऊ लागले. तेही 1990 चे, म्हणजे वयाने प्रौढच. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या लांब किनाऱ्यावर, स्वदेशी कुटुंबांसाठी म्हणून चाललेला हा सारा संसार!

या अपयशाचे खापर महामारीवर फोडण्याची प्रथा पडली आहे. ती सोयीची आहे, खरी नाही. कारण त्याच मार्च 2020 मध्ये, 15 तारखेस, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सुरू झाली. तिच्या नशिबी तर पहिल्याच आठवड्यात टाळेबंदी आली. पण टाळेबंदी उठताच ती पुन्हा चालू झाली आणि आजतागायत माणसे आणि मोटारी घेऊन चालत आहे. गुजरातेत घोघा ते हजिरा ही अशीच बोट 8 नोव्हेंबर 2020 रोजी, म्हणजे ऐन महामारीत सुरू झाली. एकाच संकटातून एक जहाज भंगारात जाते आणि दुसरे वाहतुकीचा नित्य भाग बनते, तेव्हा कारण संकटात नसून जहाजाच्या प्रयोजनात आहे, हे कोणीही मान्य करील. मांडव्याची बोट सडकेवरचे सुमारे शंभर किलोमीटरचे वळसे आणि वडखळची गर्दी वाचवते. घोघा-हजिरा बोटीने सडकेचे 370 किलोमीटर समुद्रावर 90 वर आणले. जेथे पाणी वाट वाचवते तेथे उतारू हाका न मारता येतो. आंग्रियेने कोणाची वाट वाचवली नव्हती. रेल्वेने जे अंतर रात्रीच्या झोपेत संपते, तेच तिने रात्रीच्या जागरणात संपविले, आणि त्यासाठी रेल्वेच्या कित्येक पट भाडे घेतले.

येथे कोणी म्हणेल की मराठी माणूस मुळातच समुद्राला भितो. हा आरोप आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो अज्ञानमूलक आहे. कोकणच्या किमान तीन पिढ्या आगबोटीने मुंबईस आल्या आणि आगबोटीनेच परत गेल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी ही नावे त्यांनी भूगोलाच्या पुस्तकात नव्हे, तर बोटीच्या डेकवर वळकटीला टेकून पाठ केली. बोट खोल पाण्यात नांगर टाकी, किनाऱ्याहून पडाव येत, आणि बायकापोरे, फणस, आंब्याच्या पेट्या, गिरणीतल्या कमाईने घेतलेली ट्रंक अशी सारी चीजवस्तू हेलकावणाऱ्या पडावात उतरत असे. 11 नोव्हेंबर 1927 रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. 17 जुलै 1947 रोजी, ऐन आषाढी अमावास्येला, रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली. त्या आकांतानंतरही कोकणी माणसाने बोट सोडली नाही. ‘कोकणसेवक’ आणि ‘कोकणशक्ती’ या बोटींच्या आठवणी सांगणारे आज आपल्यात आहेत. ही वाहतूक 1980 च्या दशकाच्या शेवटास थांबली, ती भीतीने नव्हे. सडका झाल्या, एस. टी. वाडीच्या तोंडाशी आली, आणि 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली. गरज संपली म्हणून बोट संपली.

आज जी जहाजे येतात ती गरजेची नाहीत, हौसेची आहेत. त्यात वावगे काहीच नाही. हौसेला मोल असते आणि ते मोजण्यास आपला मध्यमवर्ग आता कचरत नाही. सिंगापूर आणि दुबईची विमाने कोण भरते, हे आपण पाहतोच. परंतु हौसेचा हिशेब गरजेच्या हिशेबाहून वेगळा असतो. आईवडील, दोन मुले आणि जमल्यास आजी, एवढी माणसे घेऊन निघालेला गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो तो असा, की जाऊन पाहायचे काय? आणि या प्रश्नावर आमच्या किनाऱ्याच्या जहाजांकडे समाधानकारक उत्तर नसते. मुंबईहून निघावे, दोन दिवस खोल समुद्रात फिरावे आणि मुंबईसच परत यावे, अशा सफरी त्यांच्या वेळापत्रकात असतात. निघालो तेथेच परत आलो, मध्ये कोठेच उतरलो नाही, याला प्रवास म्हणावे काय असा पेच आमच्या आजीबाईंना पडला तर तो त्यांचा दोष नव्हे.

कुटुंबांच्या जहाजाचा आदर्श म्हणून अमेरिकेतील डिस्ने कंपनीचे नाव घेतले जाते. तेव्हा तिचेच उदाहरण पाहू. या कंपनीचे पहिले जहाज 1998 साली फ्लॉरिडातील पोर्ट कॅनव्हरल येथून निघू लागले. ते बंदर का निवडले? कारण कंपनीची जगप्रसिद्ध क्रीडानगरी ऑर्लंडो येथे, बंदरापासून मोटारीने तासाभराच्या वाटेवर आहे. मुलाने तीन दिवस जमिनीवर खेळावे आणि चार दिवस पाण्यावर, अशी ती जोडी होती. जहाजाचा खरा आधार किनाऱ्यावर होता. हेच जहाज, तेच नाव, तीच पात्रे घेऊन 2012 साली कंपनी टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन बंदरात गेली. आसपास मोठी शहरे, खिशात पैसा, मुलांच्या ओठांवर मिकी माऊस. तरीही पुढे कित्येक वर्षे त्या बंदराच्या वाट्याला हंगामातील थोडे आठवडेच आले. नामवंत कंपनीलाही बंदर बदलताच नव्याने गिऱ्हाईक जमवावे लागते, तर आमच्या किनाऱ्यावर काल स्थापन झालेल्या कंपनीची काय कथा? डिस्नेच्या जहाजांवर जुगारघर नसते, हेही येथे नोंदवून ठेवू. त्याची भरपाई ती चढ्या भाड्याने करते आणि कुटुंबे ते भाडे खुशीने देतात.

आमच्याकडे नेमके उलटे घडते, आणि आमच्या मते आजाराचे मूळ येथेच आहे. जहाजाचा खर्च उतारू आला काय, न आला काय, सारखाच चालू राहतो; इंधन, खलाशी, विमा, बंदराची भाडी यांना रिकाम्या खोल्यांची दया येत नाही. खोल्या भरण्यासाठी भाडे उतरवावे लागते, मुलांना फुकट न्यावे लागते. मग तूट भरून काढायची ती जहाजावरील दारूच्या गुत्त्यातून आणि द्यूतगृहातून. पण चार माणसांचे शाकाहारी कुटुंब द्यूतगृहात पैसे उधळीत नाही. ते फार तर मुलांना आइस्क्रीम घेऊन देते. तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवसांत कंपन्यांचे मेळावे आणि तरुणांच्या मेजवान्या यांच्यावर जहाज जगवावे लागते. असे मेळावे जमले की तेथील रंग पाहून कुटुंबे बिचकतात, आणि कुटुंबे बिचकली की मेळाव्यांवरचे अवलंबन आणखी वाढते. या चक्रात एकदा सापडलेले जहाज जाहिरातीत कितीही ‘सहकुटुंब’ असले, तरी त्याचा लौकिक निराळाच होतो. ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईतील एका जहाजावर अमली पदार्थांच्या संशयाने पडलेल्या धाडीची चर्चा देशभर महिनोन् महिने चालली. त्या प्रकरणाचा न्याय न्यायालयाकडे. परंतु घराघरातून जहाज या शब्दाशी जे चित्र जोडले गेले ते पुसणे न्यायालयाच्या हाती नाही. पुढे जून 2022 मध्ये चेन्नईहून निघालेले जहाज पुदुचेरीच्या बाहेर येऊन उभे राहिले आणि तेथील प्रशासनाने जुगाराच्या कारणाने त्याला परवानगी नाकारली. तिकिटे विकून, जहाज दारात आणून, मग परवानगीचा प्रश्न निघावा, यात कंपनीची घाई अधिक की प्रशासनाची दिरंगाई अधिक हे ठरविणे कठीण आहे. मुकाट्याने डेकवरून गाव पाहिले ते उतारूंनी.

हंगामाचाही विचार करावा लागेल. पश्चिम किनारा मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत लहान जहाजांना बंद असतो आणि मोठी जहाजे या दिवसांत पूर्व किनाऱ्याकडे वळतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागतो, पण पुरता शांत व्हायला वेळ लागतो. आणि कोकणचा चाकरमानी गावी जाण्यासाठी जिवाचे रान करतो तो नेमका याच संधिकाळात, गणपतीला. ज्या आठवड्यात बोटीला सर्वांत अधिक उतारू मिळतील, त्या आठवड्यात समुद्र तिला जाऊ देईलच असा भरवसा नाही. आणि डिसेंबर ते मार्च, जेव्हा अरबी समुद्र तळ्यासारखा असतो, तेव्हा मुले शाळेत असतात, वार्षिक परीक्षा तोंडावर असते. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याचे काही आठवडे एवढाच कुटुंबांचा हंगाम. शाळेचे वेळापत्रक हाती धरून कोणी हिशेब मांडला असता, तर बारमाही जहाजाची कल्पना सुचलीच नसती. शाळामास्तरांना हे समजते. भांडवल घालणाऱ्यांना का समजू नये?

आता बंदरांकडे वळू. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी आमच्या पाठ्यपुस्तकांत 720 किलोमीटर होती, नव्या मोजणीत ती याहूनही अधिक भरली आहे. या किनाऱ्यावर 48 लहान बंदरे आहेत आणि त्यांचा कारभार 1996 पासून महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. यांतील बहुतेक बंदरे खाडीच्या मुखाशी वसलेली. नदीने आणलेला गाळ आणि समुद्राने लोटलेली वाळू यांनी त्यांची मुखे उथळ केली आहेत. कर्णिकेसारख्या जहाजाला तळाखाली आठ-नऊ मीटर पाणी लागते. ते अशा खाडीत शिरणे अशक्यच. जयगडला खोल पाणी आहे, परंतु तेथील धक्के कोळशासारख्या मालासाठी बांधलेले खाजगी धक्के आहेत. अन्यत्र जहाजाने दूर नांगर टाकावा आणि उतारूंनी होडीने किनारा गाठावा, म्हणजे पुन्हा पडावाचाच काळ आला! पूर्वी त्या पडावात उतरणाऱ्याला घर गाठायचे होते. सहलीला आलेल्या आजीला ते कशासाठी पटावे? आणि उतरल्यावर तरी काय आहे? उन्हात उभे राहण्यास छप्पर नाही, स्वच्छ प्रसाधनगृह नाही, किल्ल्याचा इतिहास नीट सांगणारा माणूस नाही, गावात नेणारी बस नाही. आंग्रियेच्या आरंभी वाटेतील कोकणच्या बंदरांवर तिचे थांबे होतील असे बोलले गेले होते. ते झाले नाहीत. त्यामुळे कोकणच्या नावाने, आंग्र्यांच्या नावाने निघालेली ही बोट कोकणाला न शिवता, रात्रीच्या अंधारात त्याच्या समोरून गोव्यास जात राहिली. आमच्या दृष्टीने या सर्व प्रकरणातील सर्वांत खेदजनक गोष्ट ही आहे.

याचे महत्त्व जुलै 2025 पासून अधिकच वाढले आहे. त्या महिन्यात युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राशी निगडित आहेत. हे किल्ले समुद्रावरून येणाऱ्यासाठी आणि समुद्रावरून येणाऱ्याविरुद्ध बांधले गेले. सिंधुदुर्गाचा तट मालवणच्या बाजाराकडून पाहणे आणि तो पश्चिमेकडून, पाण्यावरून येताना पाहणे, यांत केवढे अंतर आहे हे पाहिल्यावाचून कळत नाही. जाऊन पाहायचे काय, या त्या गृहस्थाच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच किनाऱ्यावर साडेतीनशे वर्षे उभे आहे, आणि मुंबईहून या चारही किल्ल्यांना क्रमाने नेणारी एकही नियमित बोट नाही. त्याऐवजी आम्ही हजारो उतारूंच्या जहाजासाठी स्थानके बांधतो. विशाखापट्टणम् येथे सप्टेंबर 2023 मध्ये सुमारे 96 कोटी रुपये खर्चून असेच स्थानक उभे राहिले, आणि त्यानंतर दीर्घकाळ त्याला नियमित जहाजाची वाट पाहत बसावे लागले. घर बांधले म्हणजे पाहुणा येतोच, अशी आमच्या नियोजनकारांची समजूत दिसते.

आमची सूचना नवी नाही, परंतु ती ठामपणे मांडणे आवश्यक झाले आहे. कोकणच्या किनाऱ्याला दोन हजारांचे जहाज नको. दीडशे-दोनशे उतारूंचे, अडीच-तीन मीटर पाण्यात चालणारे, ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम करणारे जहाज हवे. ते दिवसा चालावे, म्हणजे किनारा दिसेल. त्याने दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण येथे थांबावे. आणि केवळ सहलीच्या उतारूला नव्हे, तर एका बंदराहून दुसऱ्या बंदरास जाणाऱ्या साध्या गावकऱ्यालाही त्यात माफक भाड्याची जागा असावी. हौस आणि गरज यांची सांगड घातल्याशिवाय मधल्या महिन्यांतील रिकामे दिवस भरणार नाहीत. शाळांच्या सहलींना सरकार एस. टी. च्या भाड्यात सवलत देते, तशी बोटीच्या भाड्यात दिल्यास जानेवारी-फेब्रुवारीतले आठवडे तरी सुने राहणार नाहीत. आणि जो मुलगा दहाव्या वर्षी विजयदुर्गाला बोटीने गेला, तो चाळिसाव्या वर्षी आपल्या कुटुंबाला नेल्याशिवाय राहणार नाही. असे जहाज खाजगी कंपनीला पहिली काही वर्षे परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. तेव्हा तूट कोणी सोसावी हा प्रश्न येतो. तोट्यातल्या वाटेवरची एस. टी. राज्य सोसते, मग जलमार्गाचेच वावडे का?

यावर मंत्रालयातून रेल्वेकडे आणि महामार्गाकडे बोट दाखविले जाईल. ज्या महामार्गाचे रुंदीकरण 2011 साली सुरू होऊन दीड दशक रेंगाळले, त्याचा दाखला देण्यापूर्वी संबंधितांनी पळस्पे ते इंदापूर हा टप्पा एकदा भर गणपतीत मोटारीने पार करून पाहावा. 2025 च्या गणेशोत्सवाआधी मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गाकडे वेगवान रो-रो बोट नेण्याची घोषणा झाली, तेव्हा तिचे कोकणात झालेले स्वागत सरकारने पाहिले आहे. जयगडास तीन तासांत आणि विजयदुर्गास पाच तासांत पोहोचविण्याचा त्यात वायदा होता. त्या घोषणेतील भाडे चाकरमान्याच्या आवाक्यातले नव्हते, ही तिची उणीव. पण दिशा बरोबर होती, कारण ती बोट मुंबई सोडून कोकणात जाणार होती, मुंबई सोडून मुंबईस येणार नव्हती. सागरी मंडळाने आता पहिले काम करावे ते हे, की 48 बंदरांपैकी ज्या आठ-दहांत उतारूंची बोट लागू शकते, त्यांची पाण्याची खोली, गाळ काढण्याचा वार्षिक खर्च आणि धक्क्यांची आजची स्थिती यांचा तक्ता छापून लोकांपुढे ठेवावा. मालवण आणि विजयदुर्ग येथील नगरपालिका, ग्रामपंचायती आणि मच्छीमारांच्या सोसायट्या यांच्याशी धक्क्याच्या वापराबद्दल आधी बोलणी करावी, मागाहून नव्हे. कारण मासळी उतरविण्याच्या जागेवर सहलीची बोट लागली तर तंटा उद्भवणारच. या कामाला उद्घाटनाचा मांडव लागत नाही, आणि ते पुढील नारळी पौर्णिमेपूर्वी होण्यासारखे आहे.